धनेशाचा घास आणि कोल्होबांचा प्रश्न

एका खोल दरीतल्या जंगलात एक कोल्हा राहत असे, आणि त्याला सगळे माहीत असे. म्हणजे पाऊस कधी येईल, भेकरे कुठे पाणी पितात, असले फुटकळ नव्हे. चांगले म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय, हे त्याला माहीत असे. जंगलाच्या मधोमध एक भला थोरला बेहडा होता आणि त्याच्या बुंध्याशी एक सपाट कातळ होता. ऊन उतरले की कोल्हा कातळावर चढे, शेपटी पुढे घेऊन पायांवर नीट पांघरे आणि बोलू लागे. त्याच्याकडे दयेचेच इतके प्रकार होते, की उन्हाळ्यातली दया वेगळी आणि पावसाळ्यातली वेगळी. ऐकायला ससे येत, साळिंदरे येत, रानडुकरे अंगावरचा चिखल झटकून येत. हत्तीसुद्धा गुडघे मोडून बसत, असे म्हणतात. त्या जंगलात हत्ती नव्हते, ही गोष्ट निराळी. मुलांनो, मला हे सारे एका कासवाने सांगितले, आणि कासवे खोटे बोलत नाहीत, कारण खोटे बोलले की पळावे लागते.

प्रवचन संपले की सगळे माना डोलावत घरी निघत, आणि नेमका इथेच कोल्ह्याच्या सुखात खडा पडे. सशीण पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणे, “ऐकलंस ना? मोठेपणी चांगला हो. त्या धनेशासारखा.” पलीकडून साळिंदरीण आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, “धनेशभाऊंकडे बघावं जरा माणसानं.” कोल्ह्याचे कान लांब. त्याला सगळे ऐकू येई. प्रवचन त्याचे, घसा त्याचा कोरडा पडलेला, आणि नाव मात्र दुसऱ्याचे. पायात करवंदीचा काटा मोडावा आणि वरून दिसू नये, तसे त्याचे झाले होते. तो चालत असे सरळ, पण दर पावलाला दुखत असे.

हा धनेश म्हणजे काळा-पांढरा मोठा पक्षी. याची पिवळी चोच एवढी मोठी, की आधी चोच येते आणि मग मागून तो येतो. या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ झाली, की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. चोचीचे टोक बाहेर येईल एवढी फट ठेवते, बस. आत ती आपल्या पंखांतली पिसे झाडून टाकते. त्या पिसांवर पिल्ले वाढतात. तेव्हा बाहेर पडायचे म्हटले तरी तिला उडता येत नाही. मग नर दिवसभर उंबराची फळे घशात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून तिला देतो. तो आला तर जेवण, न आला तर काही नाही.

आमच्या धनेशाची ढोली नेमकी त्या बेहड्यावरच होती, कोल्ह्याच्या डोक्यावर. कोल्हा एखाद्या वाक्यावर ऐन रंगात यावा, आणि वरून भाता फुंकावा तसा पंखांचा आवाज यावा, की साऱ्या सभेच्या माना वर. “आले हो भाऊ,” कुणीतरी हळूच म्हणे. दयेचा प्रकार अर्धाच राहून जाई. वर चोचीला चोच लागे, एक उंबर आत जाई, दुसरे जाई, आणि खाली कोल्ह्याचा जीव जळत राही.

“ती नुसती सवय आहे,” एकदा तो न राहवून म्हणाला. “गुण वेगळा, सवय वेगळी.”

“असेल, गुरुजी,” एक म्हातारे शेकरू फांदीवरून म्हणाले. “पण चांगली सवय आहे.”

त्या संध्याकाळी कोल्ह्याने धनेशाला गाठले. धनेश बुंध्यावर टेकला होता. “धनेशभाऊ, एक सांगा. चांगुलपणा म्हणजे काय?” धनेशाने डोळे मिचकावले, मान हलवली आणि तो फटीकडे उडाला. त्याचा घसा उंबरांनी भरलेला होता, बोलणार कसा? पण कोल्ह्याला वाटले, याने आपला अपमान केला. सभेला वाटले, याला स्वतःची फुशारकी मारवत नाही. त्यामुळे त्याचे नाव आणखीच झाले, आणि काटा आणखी आत गेला.

दुसऱ्या दिवशी कोल्हा उजाडताच उंबराखाली जाऊन बसला. धनेश आला आणि पहिले फळ तोडणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

“भाऊ, आज तोंड रिकामं आहे, म्हणून विचारतो. हे रोज नेता, ते का?”

“तिला भूक लागते.”

“आणि नसती लागली तर?”

“मग कशाला नेलं असतं?”

“म्हणजे तुमचा चांगुलपणा तिच्या भुकेवर उभा आहे. ती उपाशी, म्हणून तुम्ही चांगले.”

धनेशाने मान तिरकी केली. “असं कधी मनात आलं नव्हतं.”

“यायला हवं. आपल्या घरी घास तर चोरही नेतो. मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?”

“उंबर कुणाचा नाही, गुरुजी.”

उत्तर चांगले होते. म्हणूनच कोल्ह्याला ते फार झोंबले. त्याने घाईने पुढचा प्रश्न टाकला. “ते राहू द्या. चांगलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगता येतं?”

“नाही बुवा.”

“जे काय असतं तेच ठाऊक नाही, ते आपण करतोय हे कशावरून? वाईटही करत असाल. ती बिचारी भिंतीआड कोंडलेली, आणि तुम्ही बाहेर हिंडताय, शाबासकी घेताय. सगळं जंगल बघतंय.”

धनेशाची चोच हळूच मिटली. “मग मी काय करू?”

“आधी समजून घ्या. समजलं की करा. घाई नको.”

एवढे बोलून कोल्हा निघाला. त्या दिवशी त्याचा पाय अजिबात दुखत नव्हता. मुलांनो, फार जुन्या काळी काही शहाणी माणसे म्हणत, की चांगले काय ते ज्याला खरोखर कळले, त्याच्या हातून वाईट होतच नाही. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. माझे मत असे, की ती माणसे आमच्या कोल्ह्याला भेटली नव्हती. आपण करतो आहोत ते वाईट आहे, हे त्याला पक्के माहीत होते. मत्सरातून केलेल्या वाईटावर तर त्याचे एक वेगळे प्रवचनच होते, आणि ते फार छान होते.

धनेश ढोलीसमोरच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन वर आले. फटीतून चोचीचे टोक बाहेर आले.

“अहो, आज उशीर झाला.”

“विचार करतोय.”

“कसला?”

“तुला घास देणं चांगलं की वाईट, याचा.”

चोचीचे टोक आत गेले आणि पुन्हा बाहेर आले. मग ती म्हणाली, “बरं. लवकर करा.”

संध्याकाळी धनेश सभेत आला आणि अगदी पुढे बसला. कोल्ह्याचा आवाज त्या दिवशी असा काही लागला, की दरीतले पाणी थांबून ऐकू लागले. ज्याच्यासारखे व्हा म्हणून पोरांना सांगत, तोच आता आपल्या पायाशी बसून मान डोलावतो आहे. याहून गोड काय असणार? पण मत्सराचे पोट विचित्र असते. खायला घातले की ते आणखी मोठे होते. सभा उठताना सशीण पोराला म्हणाली, “बघ, एवढा मोठा धनेश, पण शिकायला बसला. असं व्हावं.” कोल्हा रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसराही दिवस तसाच गेला. धनेश स्वतःही काही खात नव्हता. विचार करताना खाणे बरोबर की चूक, हेही त्याला आता नक्की सांगता येईना. ढोलीतून एक नवा आवाज येऊ लागला, बारीक, गवताची काडी दातात धरून फुंकावी तसा. पिल्लू अंड्यातून बाहेर आले होते. म्हातारे शेकरू दोन उंबरे घेऊन फटीशी गेले, पण त्याला ती चोचीत नीट देता येईनात. दोन्ही खाली पडली. “आमची नखं वेगळ्या कामाची, वहिनी,” ते ओशाळून म्हणाले.

त्या संध्याकाळी प्रवचन सुरू होताच धनेशाने विचारले, “गुरुजी, एक शंका आहे. मला चांगलं म्हणजे काय ते कळत नव्हतं, तरी मी एकीला घास द्यायचो. तुम्हाला तर सगळं कळतं. तुम्ही पुष्कळांना देत असाल. कुणाकुणाला देता?”

टोमणा असता तर सगळे हसले असते. पण धनेशाला टोमणा मारता येत नसे. तो खरेच विचारत होता, कारण त्याला तसेच करायचे होते. कोल्ह्याने शेपटी पायांवर नीट केली. ती आधीच नीट होती.

तेव्हा वरून फटीतून आवाज आला. थकलेला, पण स्वच्छ.

“गुरुजी, मी पण विचारू का? मी इथं पंख झाडून बसले ना, तेव्हा हे रोज येतील हे मला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? आल्याशिवाय कुणाला कळतं? तरी झाडून बसले. आता तुमचं समजून होईपर्यंत मी थांबेन. पिल्लू थांबत नाहीये.”

कोल्ह्याने वर पाहिले. मग धनेशाकडे पाहिले. “जा की,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “घास घेऊन जा.”

“पण कळलं नाही अजून,” धनेश काकुळतीने म्हणाला. “न कळता केलेलं चांगलं नव्हे, असं तुम्हीच म्हणालात. ते चूक होतं का?”

आता ‘हो’ एवढेच म्हणायचे होते. एक शब्द. ज्याने दयेचे एवढे प्रकार तोंडपाठ केले होते, त्याला तो एक शब्द साऱ्या सभेपुढे, आणि त्यातून या पक्ष्यापुढे, काही केल्या उच्चारता येईना. मग तो कातळावरून उतरला आणि पळत सुटला.

“गेले,” रानडुक्कर म्हणाले.

पण तो उंबराखाली गेला होता. पडलेल्या फळांतली बरी बरी उंबरे त्याने तोंडात भरली, गाल टम्म फुगवले, आणि तसाच तो बेहड्याकडे परत आला. पुढचे पाय बुंध्यावर टेकून चढू लागला. मुलांनो, कोल्ह्याला झाडावर चढता येत नाही, हे त्यालाही माहीत होते. तो घसरला आणि पाठीवर आपटला. सभा हसली. तो पुन्हा चढला, पुन्हा आपटला. एक उंबर फुटून नाकावर चिकटले. सभा आणखी हसली, आणि मग कुणीच हसेना.

“गुरुजी,” धनेशाने विचारले, “हे तुम्ही का करताय?”

कोल्ह्याचे तोंड भरलेले होते. त्याने डोळे मिचकावले, मान हलवली आणि पुन्हा बुंध्याला भिडला.

धनेश त्याच्याकडे बघतच राहिला. अगदी असाच प्रश्न त्याला कुणीतरी विचारला होता, आणि त्यानेही अगदी असेच उत्तर दिले होते. ते उत्तर बाहेरून कसे दिसते, हे त्याने आज पहिल्यांदा पाहिले. तो खाली उतरला. त्याने आपली लांब चोच कोल्ह्याच्या जबड्यात घातली, एकेक उंबर उचलून घशात भरले, आणि भाता फुंकल्यासारखा आवाज करत वर गेला. फटीत चोचीला चोच लागली. बारीक आवाज थांबला, मग दुप्पट जोराने सुरू झाला, कारण पिल्लाला आता आणखी हवे होते.

त्यानंतर पिल्लू ढोलीतून बाहेर पडेपर्यंत रोज हेच चालले. उपासाने धनेशाच्या पंखांत पूर्वीचा जोर उरला नव्हता, म्हणून कोल्हा उंबरे बुंध्याशी आणून टाकी आणि धनेश वर नेई. संध्याकाळची सभा आपोआप बंद पडली. आता कोल्ह्याचा मत्सर निघून गेला, असे सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल. पण कासवाने तसे सांगितले नाही. सशीण अजूनही पोराला म्हणे, “धनेशासारखा हो.” कोल्ह्यासारखा हो, असे कुणी एकदाही म्हणाले नाही. ते ऐकले की कोल्हा दात आवळे, आणि पुढच्या खेपेला एक उंबर जास्त आणी.

पुढच्या उन्हाळ्यात ढोली पुन्हा लिंपली गेली. कुणी न बोलावता कोल्हा उंबराखाली हजर झाला. त्याच सुमारास पलीकडच्या डोंगरातून एक मुंगूस आले. या जंगलातल्या ज्ञानी कोल्ह्याची कीर्ती तिकडे अजून नवीच होती. त्याने कोल्ह्याला वाटेत गाठले, नमस्कार केला आणि विचारले, “गुरुजी, फार लांबून आलो. चांगुलपणा म्हणजे काय, तेवढं सांगा.”

कोल्ह्याने डोळे मिचकावले, मान हलवली आणि तो पुढे निघाला.

मुंगूस थोडा वेळ उभे राहिले. मग फांदीवरच्या म्हाताऱ्या शेकराला म्हणाले, “नाव मोठं ऐकलं होतं. याला तर साधं उत्तरही येत नाही.”

कोल्ह्याचे कान लांब. त्याला ते ऐकू आले. मागे फिरून याला चार प्रकार ऐकवावेत, असे अगदी जिभेवर आले होते. पण जिभेवर उंबर होते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या चांगुलपणाचा हेवा वाटला, तर त्याचा अर्थ विचारून त्याची वाट अडवू नये, त्याच्या ओझ्याचे एक टोक आपण उचलून पाहावे. अर्थ कळला तर तिथेच कळतो, आणि नाही कळला तरी तेवढ्यात कुणीतरी जेवलेले असते.