चढाईपटू कोपऱ्यात

एकदा एक वस्ताद आपल्या सर्वांत लाडक्या शिष्याला कबड्डीच्या मैदानाबाहेर उभे करून जणू विसरूनच गेले. निदान गावाला तसे वाटले. गावाला असे काहीतरी सतत वाटावेच लागते, नाहीतर पारावरच्या मंडळींचा दिवस कसा सरायचा?

शिष्याचे नाव श्रीपती. नदीकाठच्या त्या गावात चढाई म्हणजे श्रीपती आणि श्रीपती म्हणजे चढाई, असे समीकरण बरीच वर्षे टिकून होते. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड घोष करत तो प्रतिपक्षाच्या अंगणात एकटा शिरायचा, कुणाच्या तरी खांद्याला बोट लावायचा आणि त्यांचे हात त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत मध्यरेषा ओलांडून परत यायचा. जत्रेतल्या सामन्याला लोक त्याची चढाई बघायला गर्दी करत आणि ती झाली की उरलेल्या खेळाकडे पाठ फिरवून भेळ खायला जात. श्रीपतीला हे ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर आवडतही होते. त्यात गैर काही नाही. कौतुक कडू लागणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

पण शरीराचेही एक वय असते, आणि पाय ते मनाच्या आधी ओळखतात. श्रीपती मध्यरेषेपाशी येऊन पकडला जाऊ लागला. त्याने आधी मातीला बोल लावला, मग पंचांना, मग दुपारच्या जेवणाला. एके दिवशी सरावाआधी वस्तादांनी सर्वांदेखत सांगून टाकले, “आजपासून चढाईला कुबेर जाईल. श्रीपती, तू डाव्या कोपऱ्यात.”

कुबेर हा मंडळातला नवा खेळाडू, वयाने लहान आणि पायाने वाऱ्यासारखा. कोपऱ्यातल्या खेळाडूचे काम चढाईपटूच्या नेमके उलट. त्याने शेजाऱ्याचा हात धरून शेवटच्या टोकाला उभे राहायचे, पाहुण्याला आत येऊ द्यायचे आणि तो परत फिरू लागला की त्याच्या घोट्याला मिठी मारायची. श्रीपती निमूटपणे जाऊन उभा राहिला. चढाई आली. त्याने झेप घेतली, चढाईपटूच्या पायाला त्याचा हात लागला, आणि तेवढ्यात अंगातल्या सवयीने घात केला. हात लागताच तो गर्रकन वळला आणि जीव खाऊन पळत मध्यरेषेच्या पलीकडे गेला. तिथे गुण मिळवल्याच्या आनंदात हात वर करून उभा राहिला. ज्याला पकडायचे, तो मागे आरामात उभा होता. पंचांनी श्रीपतीलाच बाद दिले. सगळे पोट धरून हसले. कुबेरने मात्र मान फिरवून हसू दाबले आणि श्रीपतीला तेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी वस्ताद त्याला पकड शिकवतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी त्याला मैदानाच्या रेषेबाहेर नेऊन उभे केले.

“हितं उभा राहा. जो चढाईला जाईल, त्याच्यासंगं दम धर. तो कबड्डी म्हणंल तसं तूबी म्हण. तो थांबला की थांब.”

“आणि पकड कधी शिकायची, वस्ताद?”

“सांगतो तेवढं कर की.”

असे अनेक दिवस चालले. आत खेळ रंगायचा आणि बाहेर श्रीपती उन्हात उभा राहून परक्या चढाईचा घोष करायचा. पारावरून विचारणा होऊ लागली, “काय श्रीपती, साथीला बसलास व्हय?” एकेकाळी ज्याच्यासाठी लोक जत्रेला येत, त्याला आता रस्ता बदलून घरी जावेसे वाटू लागले. वस्तादांना आपली अडचण झाली आहे, आपण स्वतःहून निघून जावे म्हणून ते आपल्याला झिजवत आहेत, असे त्याच्या मनाने घेतले. त्याच सुमारास तालुक्याच्या मंडळाचा निरोप आला. आमच्याकडे या, चढाईला तुम्हीच जायचे, तुमचा मान तुम्हाला. श्रीपतीने होकार कळवला आणि निरोप घ्यायला तो वस्तादांकडे गेला.

“वस्ताद, जातो म्हणतोय.”

“कुठं?”

“जिथं मला चढाईला घेतील तिथं.”

“रागावलायस?”

“रागावलोय. तुमच्यावरच. गावात हसं केलंत माझं.”

वस्तादांनी नाकारले नाही. ते म्हणाले, “जा. मी अडवत नाही. फक्त आजच्या सरावाला ये. मैदानाकडं पाठ करून उभा राहा, आणि चढाईला गेलेला माणूस आता परत फिरणार असं वाटलं की तोंडानं ‘आता’ म्हण. एवढं कर आणि मग खुशाल जा.”

श्रीपतीला हा पोरखेळ वाटला, पण निरोपाचा दिवस होता, म्हणून तो उभा राहिला. पाठीमागे कुबेरचा घोष सुरू झाला. इतक्या दिवसांच्या सवयीने श्रीपतीचे ओठ हलू लागले, छाती त्या तालावर भरली आणि रिती होत गेली. एका क्षणी त्याच्या तोंडून आपोआप निघून गेले, “आता.”

मागे पावले धपधपली. कुबेर वळला होता.

दुसरा गेला. “आता,” श्रीपती म्हणाला आणि तोही वळला. तिसऱ्याच्या वेळी तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “ह्यो फिरत नाही, अजून आत जाणार.” तो खरोखरच आतल्या रेषेपर्यंत जाऊन आला. खेळ थांबला. श्रीपतीने मागे वळून पाहिले, तर सगळे जागच्या जागी उभे राहून त्याच्याकडे बघत होते, आणि तो स्वतः त्यांच्याहून अधिक चकित झाला होता.

वस्तादांनी त्याला जवळ बसवून घेतले.

“पाय धरायला कुणीबी शिकवंल. पायाला कधी हात घालायचा, ते अवघड. कोपऱ्यात जन्म काढलेल्याला ते समजत नाही. जो एकटा पलीकडं गेलाय, दम सरत आला की ज्याच्या जिवाला घराची ओढ लागलीय, त्यालाच ते समजतं. परत फिरायच्या आधी प्रत्येकाचा आवाज बदलतो. कुणाचा बारीक होतो, कुणाचा घाईला येतो. पंचाला ते ऐकू येत नाही. तुला येतं, कारण तो आवाज इतकी वर्षं तुझ्या छातीतनं निघालाय. तुझी चढाई मी काढून घेतली नाही, लेका. ती मला कोपऱ्यात पाहिजे होती.”

“मग आधीच का सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर तू नुसतं डोक्यानं ऐकलं असतंस. मला तुझा दम त्यांच्या दमाशी जुळवायचा होता. आणखी एक. तुला चढाईला धाडत राहिलो असतो, तर थोडं दिवस निभावलं असतं. मग ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच हसले असते. आता हसले ते एका चुकीला हसले. तवा तुझ्या उतरणीला हसले असते. ते मला बघवलं नसतं. माझा जीव आहे तुझ्यावर.”

संध्याकाळी श्रीपतीने तालुक्याला नकार कळवला. त्यानंतर मात्र वस्तादांनी त्याच्याकडून घोट्याची पकड अशी घोटून घेतली की पारावरची मंडळीही गप्प झाली.

जत्रेच्या अंतिम सामन्यात समोर तेच तालुक्याचे मंडळ उभे होते. खेळ संपत आला तरी गुण बरोबरीत. त्यांचा मुख्य चढाईपटू आत आला. श्रीपतीचा हात धरलेला शेजारी उतावळा होऊन पुढे ओढ घेत होता. श्रीपतीने त्याची बोटे दाबून त्याला थोपवून धरले. ओठ मिटलेले ठेवून तो मनातल्या मनात समोरच्याचा दम मोजत होता. घोष घाईला आला, आणि चढाईपटूची टाच वळायच्या आत श्रीपतीची मिठी तिथे पोहोचली होती. संघाला एका गुणाची आघाडी मिळाली. पाठोपाठ कुबेरने शेवटची चढाई करून आणखी एक गुण आणला आणि शिट्टी वाजली.

लोकांनी खांद्यावर घेतले ते अर्थातच कुबेरला. शेवटची चढाई सगळ्यांनी पाहिली होती, कोपऱ्यातली पकड धुळीत झाली होती. श्रीपती अंगाची माती झटकत उभा होता. वस्ताद त्याच्याजवळ आले.

“वाईट वाटलं?”

श्रीपतीने विचार केला. “थोडं वाटलं, वस्ताद.”

“वाटणारच,” वस्ताद म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी वस्ताद सरावाला पोहोचले, तेव्हा मैदानात दोघेच होते. श्रीपती कुबेरला समोर उभे करून सांगत होता, “फिरायच्या आधी तुझा आवाज बारीक होतो. मला समजतं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला तरी समजंल आणि तो तुझा पाय धरंल. पुन्हा म्हण बघू, मी पाठ करून उभा राहतो. मला समजायचं बंद होईस्तोवर म्हणायचं.”

“पण श्रीपतीदादा,” कुबेर म्हणाला, “मग तुम्हालाबी मी सापडायचो नाही.”

“नकोच सापडू,” श्रीपती म्हणाला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

वस्ताद रेषेबाहेरच थांबले. हे त्यांनी त्याला शिकवलेले नव्हते.