दरीपार गेलेला दोरा

लहानथोर मंडळी, ऐका. गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी, ते विचारू नका. एका डोंगराळ राज्यात लोकांना छोटी छोटी विमानं उडवायचा नाद होता. विमान हलक्या लाकडाचं, दीड-दोन हात लांब. नाकाशी इंजिन आणि इंजिनाला पंखा. उडवणारा जमिनीवर उभा राहून हातातल्या पेटीच्या खुंट्या हलवायचा. पेटीचा हुकूम तारेवाचून हवेतून जायचा आणि वर विमान वळायचं.

त्या राज्यात एका खोल दरीच्या काठी हौसा नावाची बाई राहत होती. विमानं बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची आई लवकर गेली होती. थोरल्या बहिणीनं, तानूअक्कानं, तिला लहानाची मोठी केली. पुढं तानूअक्का लग्न होऊन दरीपलीकडच्या वाडीत गेली. मधे दोरांचा पूल होता, त्यामुळं बहिणींचं येणंजाणं राहिलं.

एके वर्षी दरड कोसळली आणि पूल तुटून दरीत गेला. वाडीच्या मागं उभा कडा, पुढं दरी. पुलाखेरीज दुसरी वाट नव्हती. अलीकडून मारलेली हाक पलीकडे पोचायची, पण धान्य पोचेना. लोकांनी दोरा बांधून बाण मारले, ते अर्ध्यातच पडले. पतंग सोडले, ते दरीतल्या वाऱ्यानं फाडले. वाडीतल्या चुली एकेक करून थंड पडायला लागल्या.

तेव्हा हौसा म्हणाली, "माझं विमान दोरा नेईल. एक बारीक रेशमी दोरा पलीकडे जाऊ दे. त्याला सुतळी बांधू, सुतळीला दोर बांधू, मग पूल काय, होईलच."

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाचा भांडारी स्वतः आला. म्हणाला, "बाई, महाराजांनी भांडार मोकळं केलंय. हवं ते इंजिन उचल."

हौसानं सगळ्यात मोठं इंजिन उचललं. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. सख्खी बहीण उपाशी असताना लहान इंजिनाकडे कोण बघेल?

तिनं ते विमानाला बसवलं, तर नाक जड होऊन खाली झुकलं. मग तिनं शेपटीत शिसं भरलं. विमानाचा तोल आला, पण अंग जड झालं. दरीकाठच्या कुरणात तिनं ते उडवून पाहिलं. इंजिन असं गरजलं की गुरं बुजली. विमान धावलं, वर उठलं आणि पहिल्याच वळणावर एका पंखावर कलंडून धाडकन खाली आलं. जिच्यावर इंजिन बसवलं होतं ती फळी मधोमध चिरली.

पलीकडून तानूअक्काची हाक आली, "हौसे, तुला लागलं नाही ना गं?"

हौसाला रडू आवरेना. तिकडे उपाशी असलेली बहीण तिचीच चौकशी करत होती.

मोडकं विमान घेऊन ती डोंगर उतरली आणि लिंबाजीमामांच्या दारात उभी राहिली. राज्यातली बहुतेक इंजिनं या म्हाताऱ्यानंच घडवली होती.

"मामा, महाराजांचं इंजिनही कमी पडलं. याहून मोठं द्या."

लिंबाजीमामांनी विमान हातात घेतलं. दोन बोटं पंखांखाली ठेवून तोल पाहिला. शेपटी हलवली, आतलं शिसं खुळखुळलं.

"हे इंजिन मीच केलंय, पोरी. चांगलं आहे, पण याच्या दुप्पट पंखांच्या विमानासाठी केलंय." असं म्हणून त्यांनी फडताळातून मुठीत मावेल एवढं इंजिन काढलं. "तुझ्या विमानाला हे."

हौसाचा पारा चढला. "माझी बहीण तिकडे उपाशी आहे, मामा. अन् तुम्ही मला खेळणं देता?"

"उपाशी आहे म्हणूनच देतोय."

"आणि दोऱ्याचं ओझं कोण ओढणार?"

"ओढायचं इंजिनानं, पण उचलायचं पंखांनी. पंखांनी इंजिनच उचलत बसायचं, तर दोरा कधी उचलायचा?"

हौसाला पटलं होतं असं नाही, पण दुसरा इलाजही नव्हता. दोघं कामाला बसली. मोडलेला पंख सांधला. चिरलेली फळी काढून नवी पक्की फळी बसवली. मामांनी इंजिनाचं तोंड किंचित खाली आणि किंचित उजवीकडे ठेवायला लावलं, म्हणजे जोर लावल्यावर विमान उगाच वर उसळणार नाही, डावीकडे ओढणारही नाही. शेवटी हौसानं शेपटीतलं शिसं काढून टाकलं.

मग तिनं विमान हातात घेतलं आणि तिचा राग तिथंच निवला. तिनं पहिल्यांदा बांधलं होतं तेव्हा ते जसं होतं, तसंच हलकं, जिवंत ते पुन्हा झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा जरा शांत होता. भांडाऱ्यानं मोठ्या उत्साहानं दोऱ्याचं रीळ स्वतःच्या हातात धरलं. इंजिन गरजलं नाही, नुसतं गुणगुणलं. विमान उठलं, दोरा उलगडत दरीवर गेलं. मधेच वाऱ्याचा झोत आला आणि ते पानासारखं एका अंगावर गेलं. काठावरच्या लोकांनी श्वास रोखला. हौसानं खुंटी अलगद दाबली. पंखांनी वारा पेलला, विमान सावरलं आणि पलीकडच्या रिकाम्या शेतात घसरत जाऊन टेकलं.

तानूअक्कानं धावत जाऊन ते छातीशी धरलं. "आलं गं, हौसे! दोरा आला!"

दोऱ्यामागून सुतळी गेली, सुतळीमागून दोर गेला. दोरावरून आधी धान्याच्या पिशव्या गेल्या, मग पुलाच्या फळ्या. पूल झाला तेव्हा सगळ्यांच्या आधी हौसा पलीकडे गेली. तानूअक्का वाळून काटकी झाली होती, पण वाडीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं. दोघी बहिणी कितीतरी वेळ एकमेकींना सोडेनात.

परत आल्यावर हौसानं राजाचं इंजिन मानानं भांडाऱ्याच्या हाती दिलं. म्हणाली, "महाराजांना सांगा, त्यांनी मोकळ्या मनानं दिलं, हे मी विसरणार नाही." मग ती डोंगर उतरली आणि लिंबाजीमामांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "मामा, मी तुम्हाला नको ते बोलले. मी मागितलं ते तुम्ही दिलं नाहीत, म्हणून माझी अक्का आज जेवतेय."

म्हातारा हसला. डोळे पुसत म्हणाला, "दिल्याचे आभार मानणारे रोज येतात, पोरी. न दिल्याचे आभार मानायला आलेली तू पहिलीच."

म्हणून मंडळी, ध्यानात ठेवा: मागू ते देणाऱ्याचे उपकार मानावेतच, पण पेलेल तेवढंच देणाऱ्याचे जन्मभर विसरू नयेत.