जिवलीचा तुंबा

ज्यांनी काळवी नदीची मोरी केली, त्यांनी तिच्या शेवटच्या पाड्यात येऊन एकदा तरी ओंजळभर पाणी प्यायला हवं होतं. ते आले नाहीत. वरच्या अंगाला बसून हात धूत राहिले आणि खाली कुणी राहतं हे खुशाल विसरून गेले.

एका बाईने मात्र त्यांना विसरू दिलं नाही.

फार मागची गोष्ट आहे, आज्यांच्या आज्यांनी लहानपणी ऐकलेली. काळवी डोंगरातल्या झऱ्यातून निघते, पाड्यापाड्यावरून उतरते आणि खाडीला मिळते. खाडीच्या तोंडाशी खाडीपाडा. तिथे जिवली नावाची वारली बाई राहायची. बोलायला तिखट, चालायला वारा. तिच्या लेकीची, सोनकीची सोयरीक झरपाड्यात जुळत आली होती. झरपाडा म्हणजे काळवीवरचा सगळ्यांत उंच पाडा.

काळवीकाठची रीत अशी की मुलाच्या बापाने मुलीच्या गावचं पाणी तुंब्यातून प्यायलं की सोयरीक पक्की. तुंबा म्हणजे आतून कोरून वाळवलेला भोपळा. आणि दुसरी रीत अशी की समोर धरलेलं पाणी नाकारायचं नाही. नाकारलं की नातं तुटलं.

मुलाचा बाप लखमा जिवलीच्या अंगणात बसला. त्याने तुंबा तोंडाला लावला आणि घोट थुंकून टाकला.

"पाणी हाय का म्हशीचा मूत? असली सासुरवाड नको माझ्या पोराला."

पाहुणे उठून गेले. सोनकी आत जाऊन कुडाकडे तोंड करून बसली. जिवली रडली नाही, भांडली नाही. तिने तुंबा नदीच्या पाण्याने काठोकाठ भरला, दोरी बांधून खांद्याला अडकवला आणि नदीच्या कडेने वर चालू लागली.

"कठं चाल्लीस गो?" शेजारणीने विचारलं.

"ज्यांचं पाणी त्यांना परत द्यायला."

पहिला लागला आंबाडपाडा. तिथे दोराच्या वाखासाठी अंबाडीच्या पेंढ्या नदीतच कुजत घालायचे. जिवलीने पहिल्याच दारात तुंबा पुढे केला. "तुमच्याकडनंच आलंय, बाय. घ्या घोटभर."

घरधनीण वासानेच मागे सरली. पिववेना, आणि नाही म्हणायची सोय नाही. "हे आमचं नाय गो," ती घाईघाईने म्हणाली. "वरच्या मोहपाड्याचं असंल."

"असंल. चल, मग त्यांनाच पाजू."

तुंबा घेऊन चालणाऱ्याला त्यातलं प्यावं लागत नाही, हे त्या बाईच्या तेव्हाच ध्यानात आलं. तिने तुंबा आपल्या खांद्यावर घेतला. तिच्यामागे तिच्या जावा निघाल्या, नणंदा निघाल्या. मोहपाड्यात दारू गाळून उरलेला मोहाचा चोथा नदीत ओतायचे. तिथल्या बायकांनीही नाकाला पदर लावला आणि वर बोट दाखवलं. मग त्याही चालू लागल्या. पुढच्या पाड्यातही तेच, त्याच्या पुढच्याही.

असं म्हणतात, की तेव्हा काळवीकाठी चुलीपुढे बाई उरली नाही आणि पुरुषांनी थापलेल्या भाकऱ्या कुत्र्यांनीही हुंगून सोडल्या. असं म्हणतात, की तुंबा या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, पण थेंब सांडला नाही. बायका वरपक्षाला शिव्या देणारी लग्नातली गाणी गात होत्या. ती ऐकायला पाणमांजरं काठावर येऊन बसली आणि बगळे एका पायावर नाचले.

गात गात सगळ्याजणी लखमाच्या अंगणात पोचल्या. झऱ्याखालच्या डोहात झरपाड्याच्या पुरुषांनी सकाळीच गेळाची फळं ठेचून टाकली होती. गेळाने मासा झिंगतो आणि आपोआप वर येतो. हवे तेवढे मासे वेचून झाले होते. बाकीचे पांढरी पोटं वर करून खाली वाहत चालले होते.

जिवलीने तुंबा पुढे धरला. "व्याही, पाणी."

लखमाने तुंब्यात पाहिलं. "हे आमचं नाय," तो म्हणाला. "हे वरच्या..." आणि त्याने वर पाहिलं. वर डोंगर होता. डोंगरावर आभाळ होतं.

आधी त्याची बायको मथी हसली. मग सगळं अंगण हसलं. असं म्हणतात, की त्या हसण्याने डोंगर गदगदला, झऱ्याच्या तोंडावरची शिळा सरकली आणि एका धारेच्या दोन धारा झाल्या.

"बघत काय बसलाव?" मथी म्हणाली. "प्या आता. डोहातलं गेळ आम्ही उपसतो."

लखमाने डोळे मिटून घोट गिळला. त्याचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं.

"प्यायलात ना?" जिवली म्हणाली. "मग सोयरीक पक्की."

असं म्हणतात, की बायका खाली उतरू लागल्या तसं त्यांच्या पावलांमागून पाणी निवळत गेलं. वाटेत त्यांनी अंबाडी उपसून रानातल्या खड्ड्यांत घातली, मोहाचा चोथा शेताला दिला. मासे वऱ्हाडासारखे सोबत पोहत आले. खाडीपाड्यात सोनकीने तुंबा भरला, तेव्हा तिला त्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते हसत होतं.

जिवली कधी गेली हे कुणी सांगत नाही. कोवळ्या उन्हात काठच्या ओल्या मातीवर एका बाईची वर जाणारी पावलं दिसतात, एवढंच सांगतात.

अजूनही लग्नसराईच्या आधी खाडीपाड्याच्या बायका तुंबा भरतात आणि वर निघतात. पाड्यापाड्याच्या बायका त्यांना मिळत जातात. आता वाटेत एका कारखान्याचं फाटकही लागतं. तिथेही त्या थांबतात, साहेबाला रीत समजावून सांगतात आणि तुंबा पुढे करतात. साहेब म्हणतो, पाणी आमचं नाही. मग बायका त्यालाही म्हणतात, चल तर वर. तो अजून आलेला नाही. त्या दरसाल थांबतात.

शेवटी झरपाड्यात सगळ्यांसमोर लखमाच्या घरातला सगळ्यांत म्हातारा माणूस पहिला घोट घेतो. तो प्यायल्यावाचून काळवीकाठी एकही लग्न लागत नाही. यंदा तो मान रावजी आजाचा होता. त्याने घोट घेतला, जरा वेळ तोंडात घोळवला, गिळला आणि मिशी पुसली.

"औंदा चांगलं हाय," तो म्हणाला. "पण येत जा गो दरसाल. आमचा काय भरवसा नाय."