साळूची ओ

हिवरवाडीत शिरलात की डाव्या हाताला जुना उंबर लागतो आणि त्याच्या बुडाशी एक दगडी ओटा. त्यावर देव नाही, शेंदूर नाही, साधी पणतीसुद्धा नाही. पण दमलात म्हणून टेकायला जाल, तर कुणीतरी लगेच म्हणेल, "पाव्हणं, खाली बसा की! ती साळूची जागा हाय."

गावात कुणाचंही बारसं असो, बाळ आधी या ओट्यावर येतं. आत्या त्याच्या कानात कुर्र करून पहिलं नाव सांगते ते साळू. मुलगा असला तरी साळूच! आपले फेट्यातले सरपंचसुद्धा आधी साळू, मग बाकी सगळं. जमलेल्या बाया एका दमात "ओ" देतात आणि मगच घरी जाऊन पाळण्यातलं नाव ठेवतात.

पाळण्यातली नावं काय, वारा येईल तशी बदलली. एकेकाळी घरोघरी तान्हाबाई आणि गेनू होते. मग अशी एक पिढी आली की दर दुसऱ्या घरात संगीता. आता नाव मोबाईलमध्ये शोधतात, खाली अर्थही लिहिलेला असतो. परवा भागाबाईच्या पणतूचं नाव रियांश ठेवलं. म्हातारीच्या जिभेवर ते काही केल्या बसेना. "असू दे बाबा, गुणाचं माझं ते," म्हणत तिनं कानशिलावर बोटं मोडली. साळू मात्र जागची हलली नाही. त्याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी या गावात हाक फिरायची म्हणे. भर दुपारी, माणसं रानात गेली की ती दाराशी यायची आणि तान्ह्या पोराच्या कानात पडलेलं पहिलं नाव घेऊन बोलवायची. आवाज अगदी घरच्या माणसाचा. पोरानं हुंकार दिला की दिवस मावळायच्या आत तापानं फणफणून ते जायचं. बिननावाच्या पोराला काही तिला बोलावता येईना. हे ध्यानात आलं तसं गावानं बारशीच बंद केली. झालं! सगळीच पोरं बाळ. एका आईनं "बाळ, जेवाय ये" म्हटलं की अख्ख्या आळीची पोरं पाटावर हजर. हसा, पण पोरं जगत होती.

त्याच गावात अंजिरा नावाची सून होती. तिचं पहिलं पोर हाकेनं नाही, साध्या खोकल्यानं गेलं. त्याला नाव नव्हतं. अंजिरा ऊर बडवून रडली, पण कुणाचं नाव घेऊन रडावं तेच तिला कळेना. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तशी ती हट्टाला पेटली. "हिला नाव ठेवणार म्हंजे ठेवणार!" नवरा चिडला, सासू पाया पडली. ऐकेल तर शपथ.

तिची सोडवणूक करणारी सुईण तिथंच बसली होती. तिनं अर्ध्या गावाची नाळ कापलेली. तिचा नवरा गेलेला, पोटी काही नाही, माहेरही संपलेलं. लहानथोर सगळे तिला सुईणआजी म्हणायचे. तिला नावानं हाक मारणारं माणूस जगात उरलं नव्हतं.

ती म्हणाली, "अंजिरे, माझं नाव दे हिला. साळू. नुसतं पडून हाय गं. कुणी घेत न्हाई."

"आणि हाक आली तर?"

"मी हाय की बसलेली."

मुलीच्या कानात साळू नाव पडलं. तेव्हापासून म्हातारी रोज दुपारी अंजिराच्या दाराबाहेर या ओट्यावर येऊन बसू लागली. आत पाळणा, बाहेर ती. दुपारची झोप बाजूला ठेवून कान टवकारून बसायची.

आणि एके दुपारी हाक आलीच. "साळू, ए साळू! ये गं बाय माझी." आवाज म्हातारीच्या आईचा. आई जाऊन किती वर्षं लोटली होती! ही आई नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी आपलं नाव ऐकून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आत पाळण्यात पोर चुळबुळलं, हुंकार देणार तोच म्हातारी मोठ्यांदा ओरडली, "ओ! आले गं आये!"

अंजिरा धावत बाहेर आली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. प्राण गेला होता. तोंडावर हसू होतं, माहेरी निघालेल्या पोरीसारखं. अंजिरानं तिचे पाय धरले आणि "साळू, साळू" म्हणत ती मन मोकळं करून रडली.

पोर वाढलं, नातवंडांची आजी झालं. असं सांगतात की साळू नावाची ओ हाकेला एकदा मिळालेली आहे, तेच नाव घेऊन तिला परत येता येत नाही. म्हणून गावातल्या प्रत्येक बाळाच्या कानात पहिलं नाव तेच.

अंजिराचं घर कधीच पडलं, ओटा राहिला. आजही बारशाला इथं साळूच्या नावाची हाक पडते आणि झाडून साऱ्या बाया ओ देतात, की पुन्हा एकटीला द्यावी लागू नये. रियांशच्या बारशाला सगळ्यांत खणखणीत ओ भागाबाईची होती. म्हणाली, "ह्ये नाव बरं येतं मला."