सांडलेला चहा आणि चार हजार शब्द

“आणखी विचारा की, बाई. एवढ्यात का थांबलात?”

सलोमी रणभिसे बाईंनी हर्षदाची वही मिटून टेबलावर ठेवली आणि त्या चहा गाळायला उठल्या.

बाई मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्या आम्हा नर्सलोकांना घरी इंग्रजी शिकवत. परदेशी नोकरीच्या परीक्षेला बसायचं तर अर्जासोबत जुन्याजाणत्या नर्सच्या हातचं शिफारसपत्र जोडावं लागे. बाई ते सहजासहजी देत नसत. मला त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

हर्षदा होनमानेला ते पत्र त्याच दिवशी हवं होतं. अर्जाची मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती, पुढची संधी थेट वर्षानं. परीक्षेचा अजून पत्ता नव्हता, पण जतला तिच्या आईनं बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

पोरीची मेहनत मात्र खरी होती. दोनशे पानी वही, पानावर तीन रकाने. शब्द, अर्थ, वाक्य. ड्यूटी संपली की रोज पन्नास शब्द, तीन महिन्यांत चार हजार. तुम्ही नुसता शब्द उच्चारा, अर्थ आणि वाक्य आपोआप बाहेर पडायचं, तेही इंग्रजीत. मी इथे मराठीत देतोय. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू? माझी गाडी तीनशेवर अडली होती.

बाईंनी तीन कप आणून ठेवले. त्यांना उकळता चहा लागायचा. कपांतून वाफा निघत होत्या.

“शिपरेक,” बाई बसता बसता म्हणाल्या.

“जहाज फुटून बुडणे. वाक्य : भयंकर वादळात राजाचे जहाज फुटले.”

“समुद्र पाहिलायस?”

“नाही.”

“राजा?”

“बाई, पुस्तकात तसंच वाक्य आहे.”

“तुझं एखादं सांग.”

“माझं कशाला? चुकलं तर?”

बाईंनी कपाकडे हात नेला.

हर्षदाचा धीर सुटला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. “कुठलंही पान उघडा, बाई. कुठलंही!” असं म्हणत तिनं वही त्यांच्याकडे जोरात सरकवली.

वहीचा धक्का कपाला लागला. सगळा चहा बाईंच्या उजव्या हातावर सांडला.

बाईंनी हात उचलला नाही. हर्षदाच्या डोळ्यांत बघत त्या म्हणाल्या, “स्काल्ड.”

“उकळते पाणी किंवा वाफ लागून कातडी भाजणे,” हर्षदा एका दमात म्हणाली. “वाक्य : राजवाड्यातल्या आचाऱ्याचा हात कढत सुपाने भाजला.”

...

चहा टेबलाच्या कडेवरून फरशीवर ठिबकत होता. मीही मनातल्या मनात त्या शब्दाचा अर्थ आठवत बसलो होतो, हे सांगायला मला आजही लाज वाटते.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “शब्दन् शब्द बरोबर.”

मग हर्षदाची नजर खाली गेली. हात मनगटापर्यंत लालभडक झाला होता.

पुढचं सगळं तिनं न बोलता केलं. बाईंना दंडाला धरून मोरीकडे नेलं, नळ सोडला आणि हात धारेखाली धरला. मनगटावरचं घड्याळ काढलं. बोटातली अंगठी निघेना, तेव्हा साबण लावून, सूज चढायच्या आत, हळूहळू फिरवत काढली. मी बर्फ आणायला उठलो तर तिनं मान हलवून मला बसवलं. भाजल्यावर बर्फ लावायचा नसतो, हे मलाही माहीत असायला हवं होतं.

वीस मिनिटं पाणी वाहत होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

“लई दुखतंय काय वो, बाई?” तिनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

“आता कमी आहे,” बाई म्हणाल्या.

तिनं स्वच्छ ओलं फडकं हातावर सैलसर ठेवलं आणि बाईंना खुर्चीत बसवलं. मग कुठे तिला पत्राची आठवण झाली. बाईंच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. तो हात आता कसला लिहितोय? भाजवला होता तिनंच.

“राहू दे, बाई,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.” ती वही पिशवीत घालू लागली.

“कागद घे,” बाई म्हणाल्या. “पत्र तू लिही. सही मी डाव्या हातानं करते.”

हर्षदा बसली. लिहू लागली. इंग्रजी अक्षर तिचं छापल्यासारखं होतं.

“वाच.”

“हर्षदा होनमाने हिला चार हजार इंग्रजी शब्द अर्थासह आणि वाक्यासह येतात...”

“खोड.”

तिनं खोडलं. “मग काय लिहू, बाई?”

“मघाशी नळाखाली मला काय विचारलंस?”

“दुखतंय काय, म्हणून विचारलं.”

“ते लिही. इंग्रजीत.”

हर्षदाचं पेन कागदावर टेकून राहिलं. चार हजार शब्दांची धनीण, पण तेवढं एक वाक्य जुळवायला तिला अर्धं मिनिट लागलं. ते वहीत कुठेच नव्हतं. शेवटी तिनं एक छोटीशी ओळ लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह दिलं.

“पुढं काय लिहू?”

बाईंनी कागद ओढला. डाव्या हातानं, शाळेतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली.

“पण बाई, याचा अर्थ... त्या लोकांना कसं कळणार? निदान खाली एक ओळ...”

बाईंनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली.

“वाक्य तू दिलंस. अर्थ त्यांना काढू दे. जा, पाच वाजतील.”