शंख पुसणारा पंचा

"गोड सोडलं, भात सोडला, प्रसादाचा शिरासुद्धा सोडला. आता आणखी काय सोडू, बाबा?"

माणकोजीने हे मठाच्या ओसरीवर, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. त्याचा आवाजच तसा. आरतीला शंख तोच फुंकायचा, आणि असा शंख पंचक्रोशीत कुणी फुंकत नाही हेही तोच सांगायचा.

मठाचे महंत आबानाथ मांडीवर तो शंख घेऊन पंच्याने पुसत होते.

माणकोजीला मधुमेह होता, आणि त्याला नर्मदेची परिक्रमा करायची होती, पायी. आबानाथांची अट एकच होती. साखर ताब्यात आण, मग नीघ. वाटेत पायाला जखम झाली तर ती भरली पाहिजे.

साखर मात्र हटत नव्हती.

"गोळ्या?"

"एकही चुकवत नाही."

"चालणं?"

"रोज तापीपर्यंत. तरणी पोरं मागं राहतात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

माणकोजी हसला. "दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणाले! हिरड्या सुजल्यात, आत पू आहे. त्या बऱ्या झाल्या तर साखर खाली यायला मदत होईल म्हणे. रोग रक्तात आणि इलाज दाढेत! मी म्हटलं, साहेब, ज्यानं जीभ जिंकली त्याला दातांचं काय सांगता?"

ओसरीवरचे लोक खूश होऊन हसले. माणकोजीची मान आणखी ताठ झाली.

"गेलास?"

"नाही."

"का?"

"आजवर कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही, बाबा."

आबानाथ शंख पुसत राहिले. लोक एकेक करून उठले, पायऱ्या उतरून गेले. ओसरी रिकामी झाली तेव्हा त्यांनी पंचा माणकोजीच्या हातात दिला.

"हा धुऊन आण."

पांढऱ्या पंच्यावर फिकट तांबडे डाग होते. काही जुने, काही ओले.

"गंध सांडलं का?"

"नाही. शंखाच्या तोंडाला लागलेलं असतं. आरती झाली की मी पुसतो."

"तुम्ही...?"

माणकोजीची जीभ सुजलेल्या हिरड्यांवरून फिरली; रक्ताची चव लागली.

"कधीपासून, बाबा?"

"तू गोड सोडलंस, त्याच्याही आधीपासून."

"मग मला बोलला का नाहीत?"

"चार माणसांत?"

माणकोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवापुढे रोज आपण काय नेऊन ठेवत होतो, आणि ते निमूटपणे कोण पुसत होतं!

पंचा मुठीत घट्ट धरून तो बोलला. इतक्या हळू, की आबानाथांना कान पुढे करावा लागला.

"उद्या जातो दातांच्या डॉक्टरकडे. पण त्या खुर्चीत बसून मी सांगू तरी काय?"

"काही सांगू नकोस. तोंड उघड आणि गप्प बस. परिक्रमा तिथूनच सुरू होते."