ओल्या भिंतीवरचा बोका

सरदार त्र्यंबकरावांचं चित्र त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर काढायचं काम धाकोजी चिताऱ्याकडे होतं. पहाटे चुन्याचा गिलावा लावायचा आणि तो ओला आहे तोवर रंग भरायचा. एकदा वाळला की भिंत रंग धरत नाही. सरदार मात्र गादीवर येऊन बसायचे ते दुपारची झोप काढून. तोवर भिंत कोरडी ठणठणीत. मग सगळा गिलावा खरवडायचा, उद्या पुन्हा लावायचा. धाकोजीचे खांदे भरून आले होते, जीव विटला होता. त्यात सरदारांनी दम भरला, "उद्या भिंतीवर चित्र दिसलं नाही, तर तुला अंधारकोठडी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सरदार जांभया देत आले. भिंतीवर त्यांची गादी होती, लोड होता आणि लोडाला टेकून ऐटीत बसलेला घरातला बोका होता.

"माझ्या गादीवर बोका?" सरदार गरजले.

कुंचले धुता धुता धाकोजीने मानही वर केली नाही. "काय करू, सरकार? गिलावा ओला असतो तेव्हा गादीवर हाच हजर असतो."

तिसऱ्या दिवशी धाकोजीने चुन्याला हात घालायच्या आत सरदार गादीवर येऊन बसले होते. बोक्याने मात्र जागा सोडली नव्हती. तो त्यांच्या मांडीवर होता.